शेअर अमेरिकेत, घर पुण्यात: मृत्युपत्र आणि सीमेपलीकडचा वारसा कर

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय काढला की घरात पहिलं वाक्य येतं, "शुभ बोल नाऱ्या." माझ्याही घरी आलं. मृत्युपत्र, वारसा, मेल्यानंतरचा कर, हे सगळं साठीच्या पुढच्यांनी बघायचं आणि आपण पंचविशी-तिशीतल्यांनी एसआयपी बघायची, अशी एक वाटणी आपण करून ठेवली आहे. पण माझ्या वयाच्या, माझ्या धंद्यातल्या बऱ्याच जणांकडे अशी एक मालमत्ता आहे जी आपल्या आईवडिलांकडे कधीच नव्हती. ती म्हणजे परदेशातले शेअर. हिंजवडीत किंवा खराडीत बसून नोकरी करायची, कंपनी अमेरिकन, पगाराचा एक भाग आरएसयूच्या रूपात. दर तीन महिन्यांनी थोडे शेअर व्हेस्ट होतात आणि अमेरिकेतल्या ब्रोकरच्या खात्यात जाऊन बसतात. आपण ॲप उघडून आकडा बघतो, खूश होतो, ॲप बंद करतो.

आपण पुण्यातून हललेलो नाही, पण आपली मालमत्ता सीमा ओलांडून गेलेली आहे. आणि ती जिथे गेली, तिथला कायदा तिला लागू होतो. आज मी एवढंच सांगणार आहे, फक्त जरा तपशिलात.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि सीएही नाही. बीटेक करून कोड लिहिणारी बाई आहे मी. पण डॉक्युमेंटेशन वाचायची सवय आहे आणि हे नियम सगळे उघड उपलब्ध आहेत. तुमच्या स्वतःच्या बाबतीत निर्णय घ्यायच्या आधी जाणकाराला पैसे देऊन विचारा.

भारतात हा कर नाही, म्हणून आपण बेसावध

आपल्याकडे हा कर होता, हे आपल्या पिढीला माहीतच नसतं. 1953 मध्ये इस्टेट ड्यूटीचा कायदा आला. माणूस गेला की त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर सरकार कर घ्यायचं, आणि एका टप्प्यावर त्याचा सर्वात वरचा दर 85 टक्क्यांपर्यंत गेला होता. वसुली कमी, कटकट आणि कोर्टकज्जे जास्त, असा अनुभव आल्यावर 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना तो रद्द झाला. 16 मार्च 1985 पासून भारतात मृत्यूनंतर मालमत्तेवर असा कर नाही. वडिलांचा फ्लॅट मुलीच्या नावावर आला, आजोबांची एफडी नातवाला मिळाली, तर मिळाल्याबद्दल प्राप्तिकरही लागत नाही. पुढे तो फ्लॅट विकलात तर नफ्यावर कर, ती गोष्ट वेगळी.

त्यामुळे चाळीस वर्षांत आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं झालंय: वारशाने मिळालं म्हणजे करमुक्त. भारतातल्या मालमत्तेपुरतं ते बरोबर आहे. पण अमेरिकेतल्या शेअरला ते लागू होत नाही, आणि तिथेच घात होतो.

60,000 डॉलरची रेघ

अमेरिकेत इस्टेट टॅक्स आहे. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेची त्या दिवशीची बाजारकिंमत धरतात आणि वाटप व्हायच्या आधी त्यातून कर घेतात.

आता बातम्यांमध्ये आपण काय ऐकतो? की हा कर फक्त गर्भश्रीमंतांना लागतो. अमेरिकन नागरिकासाठी आणि तिथे कायमचं वास्तव्य असलेल्या माणसासाठी ते खरंच आहे. त्यांना 2026 मध्ये 1 कोटी 50 लाख डॉलरपर्यंत सूट आहे. तिथल्या सामान्य माणसाचा या कराशी संबंधच येत नाही.

पण जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि तिथला कायमचा रहिवासीही नाही, म्हणजे पुण्यात बसलेले तुम्ही-आम्ही, त्याच्यासाठी सूट किती? 60,000 डॉलर. एक कोटी पन्नास लाखांसमोर साठ हजार. शून्य मोजताना चूक झालेली नाही, पुन्हा वाचा हवं तर.

डॉलरला 85 रुपये धरले तर 60,000 डॉलर म्हणजे 51 लाख रुपये. मोठ्या अमेरिकन कंपनीत पाच-सहा वर्षं काढलेल्या, शेअर न विकलेल्या इंजिनिअरसाठी हा आकडा काही फार लांबचा नाही.

त्यावरचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिला टप्पा 18 टक्क्यांचा, शेवटचा 40 टक्क्यांचा, आणि 40 टक्के हा दर 10 लाख डॉलरच्या पुढे लागतो. "40 टक्के गेले" असं सरसकट म्हणतात, ते लहान रकमेला खरं नाही. म्हणून मी तक्ता घेऊन गणित केलं. समजा खर्च आणि कर्जाची वजावट काहीच नाही:

1 लाख डॉलरचे शेअर असतील तर कर 10,800 डॉलर, म्हणजे 9 लाख 18 हजार रुपये.

2 लाख डॉलरचे असतील तर कर 41,800 डॉलर, म्हणजे साधारण 35 लाख 53 हजार रुपये.

10 लाख डॉलरचे असतील तर कर 3,32,800 डॉलर, म्हणजे 2 कोटी 83 लाखांच्या आसपास.

दोन लाख डॉलरवाल्या कुटुंबाचा विचार करा. घरातली कमावती व्यक्ती गेली आहे. फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. आणि मागे ठेवलेल्या पुंजीतले 35 लाख अशा देशाला जातात जिथे घरातलं कोणी कदाचित विमानतळाच्या पुढे गेलेलंही नाही.

"पण आपला अमेरिकेशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे ना?" आहे, पण तो उत्पन्नावरच्या कराचा. इस्टेट टॅक्ससाठी अमेरिकेने ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान अशा काही देशांशी वेगळे करार केलेत. भारत त्या यादीत नाही. आणि भारतात असा करच नसल्यामुळे तिकडे भरलेल्या कराची वजावट इकडे घ्यायला जागाच नाही.

काय मोजतात, काय मोजत नाहीत

शेअरच्या बाबतीत बघतात ते एकच: कंपनी नोंदलेली कुठे आहे. तुम्ही काम कुठे करता, खातं कोणत्या ॲपमधून उघडलं, पैसे कोणत्या बँकेतून पाठवले, याला अर्थ नाही. अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीचा शेअर म्हणजे अमेरिकेतली मालमत्ता. भारतातल्या ॲपवरून घेतलेले अमेरिकन शेअर आणि अमेरिकेत नोंदलेले ईटीएफ, तेही त्यात आले. जे अमेरिकेत काही वर्षं नोकरी करून परत आलेत त्यांचा फोर-ओ-वन-के, म्हणजे तिथला निवृत्तीचा फंड, तोही. तिथलं घर असेल तर ते आलंच.

उलट, अमेरिकन बँकेतली साधी ठेव यातून वगळली आहे. आपल्यासारख्याच्या आयुर्विम्याचे पैसेही वगळलेत, विमा कंपनी अमेरिकन असली तरी. आणि भारतातल्या म्युच्युअल फंडाने अमेरिकन शेअर घेतले असतील तर तुमची मालकी भारतीय फंडाच्या युनिटवर असते, शेअरवर नाही.

एक गंमतीचं उदाहरण. ॲक्सेंचरचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात चालतो, भाव डॉलरमध्ये दिसतो. पण कंपनी नोंदलेली आहे आयर्लंडमध्ये. म्हणजे अमेरिकेच्या इस्टेट टॅक्सचा प्रश्न नाही, पण आयर्लंडचा स्वतःचा वारसा कर आहे, तो तपासावा लागेल. एका सीमेतून सुटलात की दुसरी समोर येते.

जोडीदाराबद्दलही एक गैरसमज आहे. "जॉइंट खातं करू, म्हणजे निम्मंच धरतील." तसं नाही. जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल, तर पहिल्यांदा गेलेल्या माणसाचीच सगळी रक्कम धरायची, असा तिथला मूळ नियम आहे. मागे राहिलेल्याने त्यात स्वतःचे पैसे घातल्याचा पुरावा दिला तर तेवढाच भाग सुटतो. नागरिक असलेल्या जोडीदाराला मिळणारी पूर्ण सूटही आपल्याला सरळ मिळत नाही, त्यासाठी खास प्रकारचा ट्रस्ट करावा लागतो.

जे सध्या एच-वन-बीवर तिथे राहताहेत त्यांच्यासाठी एक वाक्य. या करापुरतं "रहिवासी" ठरतं ते व्हिसावरून किंवा किती दिवस राहिलात यावरून नाही. कायमचं राहण्याचा इरादा होता का, हे घर, कुटुंब, कागदपत्रं बघून ठरवतात. एकाच ऑफिसातल्या दोघांचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

नऊ महिने आणि कुलूपबंद खातं

कर किती, हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा म्हणजे ते पैसे घरापर्यंत पोचतात कसे.

साठ हजारांच्या वर मालमत्ता असेल तर मृत्यूपासून नऊ महिन्यांच्या आत फॉर्म 706-एनए भरायचा असतो. तो कोणी भरायचा? मागे राहिलेल्यांनी. पुण्यात, डोंबिवलीत, सांगलीत बसून. मग आयआरएस, म्हणजे तिथलं करखातं, ट्रान्सफर सर्टिफिकेट देतं. ते हातात आल्याशिवाय ब्रोकर सहसा शेअर वारसाच्या नावावर करत नाही, कारण कर न भरता मालमत्ता सोडली तर त्याच्याच गळ्याशी येऊ शकतं. हे सर्टिफिकेट यायला कित्येक महिने जातात. तेवढ्यात शेअर चढो की पडो, हात लावता येत नाही. कर मात्र मृत्यूच्या दिवशीच्या भावावर.

"पासवर्ड आहे की माझ्याकडे, लॉग-इन करून विकून टाकीन," असं कोणी म्हणेल. करू नका. मेलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार करणं हे बेकायदेशीर आहे, आणि पुढे फॉर्म भरताना ते दिसतंच.

आपल्याकडे टीममध्ये बस फॅक्टर म्हणतात, ते आठवा. किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. कामावर आपण तो वाढवायला धडपडतो, डॉक्युमेंट लिहितो, दुसऱ्याला शिकवून ठेवतो. घरी मात्र तो आकडा एक असतो. ब्रोकरचं नावसुद्धा नवऱ्याला किंवा आईला माहीत नसतं. ऑफिसचा लॅपटॉप परत गेला आणि कंपनीचा ईमेल बंद झाला, की खात्याचा मागही राहत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

"मी नॉमिनी टाकलाय, झालं काम." हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य.

नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पैसे द्यायचे तो. ज्याचे पैसे होतात तो वारस. दोघं एकच असतील तर प्रश्न नाही, वेगळे असतील तर भांडण. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकीवरून हाच वाद कोर्टात गेला होता. मृत्युपत्र होतं, आणि गुंतवणुकीवर नॉमिनीही होते. नॉमिनींचं म्हणणं, कंपनी कायद्याप्रमाणे मालकी आमच्याकडे आली. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही, नॉमिनेशनमुळे वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही. ते गेले 2013 मध्ये. म्हणजे निकालाला दहा वर्षं लागली, आणि तेही सगळं भारतातलंच होतं. मध्ये एक सीमा असती तर?

नॉमिनी टाकाच, त्याने कागद लवकर हलतात. पण तो मृत्युपत्राच्या जागी चालत नाही.

मृत्युपत्र नसेल तर कोणाला मिळतं?

मृत्युपत्र नसेल तर तुमच्यासाठी कायद्याने एक डिफॉल्ट ठरवून ठेवलंय. आणि कुठलंही डिफॉल्ट न वाचता स्वीकारू नये, हे आपल्याला तरी सांगायला नको.

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना समान हिस्से. आई त्यात आहे, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. वडील पहिल्या वर्गात नाहीत. म्हणजे अविवाहित मुलगा गेला तर सगळं आईला.

स्त्रीच्या बाबतीत नियम वेगळा आहे, आणि माझ्या मैत्रिणींनी इथे जरा थांबून ऐका. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यांच्यानंतर आपले आईवडील. माहेरून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे जाते, असा अपवाद आहे. पण स्वतः कमावलेल्या पैशाला तो लागू नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशी केस आली होती. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली मुलगी, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, माहेरच्यांनी शिकवली, नोकरी करून तिने पैसे साठवले. मृत्युपत्र केलं नव्हतं. ती गेल्यावर पैसे गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे, तिच्या आईकडे नाही. कोर्टाने सहानुभूती व्यक्त केली, पण म्हणाले कायदा असा आहे.

तुमचे आरएसयू ही तुमची स्वकमाई आहे. आईवडिलांना त्यातलं काही मिळावं असं वाटत असेल तर ते लिहावंच लागेल. मनात असून चालत नाही.

आता यात सीमा आणा. साधारण तत्त्व असं की जमीन-घर यांचा वारसा ती जिथे आहेत तिथल्या कायद्याने ठरतो, आणि शेअर-रोकड यांचा वारसा माणसाच्या कायमच्या वास्तव्याच्या देशाच्या कायद्याने. म्हणजे एकाच माणसाची मालमत्ता दोन वाटांनी जाऊ शकते. दुबईचं बघा. तिथे वारसा कर नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण फेब्रुवारी 2023 पासून तिथे बिगरमुस्लिमांसाठी लागू झालेल्या कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल आणि कोणी मायदेशाच्या कायद्याचा आग्रह धरला नाही, तर निम्मं जोडीदाराला आणि निम्मं मुलांना. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये आईचा समान हिस्सा, दुबईतल्या फ्लॅटमध्ये काहीच नाही. माणूस तोच, आई तीच.

उलट दिशा: मुलं तिकडे, घर इकडे

आपल्या श्रोत्यांपैकी बरेच जण न्यू जर्सीत, लंडनजवळ आहेत, आणि त्यांचे आईवडील कोथरूडला किंवा गावी. त्यांच्यासाठी थोडं.

परदेशी राहणाऱ्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मात्र मिळू शकते. सातबाऱ्यावर वारस नोंद लावता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात येतात आणि तिथून कर भरल्याचे कागद देऊन आर्थिक वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. बहीण तिकडे, भाऊ इकडे असेल तर हक्कसोडपत्रासाठी कुलमुखत्यारपत्र लागतं, आणि ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायला वेळ जातो. आईवडिलांनी मृत्युपत्र करून ठेवलं असेल तर यातल्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

न्यू जर्सीची एक खुबी. राज्याने स्वतःचा इस्टेट टॅक्स 2018 पासून बंद केला, पण वारसा कर ठेवला. नवरा-बायको, मुलं, आईवडील यांना तो नाही. भावाबहिणीला आहे, पहिले 25,000 डॉलर सोडून. म्हणजे तिकडचं घर भारतातल्या बहिणीच्या नावे लिहिणाऱ्या अविवाहित भावाने हे धरून चालावं.

ब्रिटनचं वेगळंच. तिथे 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के वारसा कर. आणि 6 एप्रिल 2025 पासून, गेल्या 20 पैकी 10 वर्षं जो ब्रिटनमध्ये राहिला त्याच्या जगभरातल्या मालमत्तेवर तो लागतो, म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटवरही. पण भारत आणि ब्रिटन यांच्यात 1956 चा एक करार आहे. आपल्याकडचा कर 1985 ला गेला, करार मात्र जिवंत राहिला. ज्याचं डोमिसाइल अजून भारताचं मानलं जातं, त्याच्या भारतातल्या मालमत्तेला त्यामुळे संरक्षण मिळू शकतं. अट अशी की ती मालमत्ता ब्रिटिश कायद्याखालच्या मृत्युपत्राने जाता कामा नये. म्हणजे लंडनच्या वकिलाकडून "माझी जगातली सगळी मालमत्ता" असं एकच मृत्युपत्र करून घेतलं, तर त्या एका वाक्यामुळे ते संरक्षण जाऊ शकतं.

दोन देश, दोन मृत्युपत्रं

म्हणून जिथे घर किंवा मोठी मालमत्ता आहे, तिथे तिथल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र करावं, असा सल्ला बहुतेक वकील देतात. तिथल्या कोर्टाला आपल्या नमुन्यातला कागद लवकर समजतो, आणि दोन्हीकडचं काम एकाच वेळी सुरू होतं.

यात एक सापळा आहे. मृत्युपत्राच्या छापील नमुन्यात सुरुवातीलाच एक वाक्य असतं: याआधीची सर्व मृत्युपत्रं मी रद्द करत आहे. तुम्ही आधी अमेरिकेतलं केलं, मग पुण्यात येऊन दुसरं केलं आणि हे वाक्य तसंच राहू दिलं, तर पहिलं उडालं. मेन ब्रांचवर फोर्स पुश केल्यासारखं. दोन्हीत स्पष्ट लिहा की हे मृत्युपत्र फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं आहे आणि दुसऱ्या देशातलं मृत्युपत्र यामुळे रद्द होत नाही.

भारतातलं मृत्युपत्र करणं फार सोपं आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. तुमची सही, आणि ती सही तुम्ही केलीत हे पाहणारे दोन साक्षीदार, त्यांच्याही सह्या. नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगलं. साक्षीदार शक्यतो असे घ्या ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही. अंमलबजावणी करणाऱ्याचं, म्हणजे एक्झिक्युटरचं, नाव लिहा, आणि त्याला आधी विचारा!

मग करायचं काय?

एक. शेअर व्हेस्ट झाले की विकायचे का, याचा नियम ठरवा. बरेच जण थोडे थोडे विकून पैसे भारतात आणतात. एकाच कंपनीवर पगारही आणि पुंजीही टांगून ठेवू नये, हे कारण आहेच. साठ हजारांची रेघ हे दुसरं कारण.

दोन. हयातीत शेअर भेट दिले तर? आपल्यासारख्या अनिवासी माणसाने अमेरिकन कंपनीचे शेअर भेट दिले तर त्यावर अमेरिकेचा गिफ्ट टॅक्स लागत नाही. भारतात जवळच्या नातलगाला दिलेल्या भेटीवरही कर नाही. पण जोडीदाराला दिले तर त्यातून पुढे येणारं उत्पन्न आपल्याच उत्पन्नात धरतात. आणि भेट म्हणजे भेट, ती परत मागता येत नाही.

तीन. टर्म इन्शुरन्स घेताना हा संभाव्य कर आणि खातं अडकून पडण्याचा काळ त्यात धरा. घरच्यांना पैसे लागतात ते पहिल्या महिन्यात. ट्रान्सफर सर्टिफिकेट तेव्हा येत नाही.

चार. प्राप्तिकराच्या विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, नीट भरा. न भरल्यास 10 लाख रुपयांचा दंड लागू शकतो. वारसांनीही शेअर नावावर आल्यावर तो भरायचा असतो, आणि तुमच्या जुन्या विवरणात नोंद असेल तर त्यांना शोधायला तेवढाच आधार.

पाच, आणि हे याच रविवारी. एक कागद घ्या. कोणत्या देशात, कोणाकडे, काय आहे, ते लिहा. ब्रोकरचं नाव, खात्याचा क्रमांक, वैयक्तिक ईमेल, कंपनीच्या एचआरचा संपर्क, विम्याची पॉलिसी, मृत्युपत्र कुठे ठेवलंय. पासवर्ड लिहू नका. तो कागद घरातल्या एका माणसाला दाखवा आणि कपाटात ठेवा. आकडे लिहायचे नसतील तर लिहू नका, खाती तरी लिहा.

घरचे म्हणतील, "काय हे अभद्र." म्हणू द्या. आपल्या आजीने दागिने कोणाला काय द्यायचं हे दहा वेळा सांगून ठेवलेलं असतं, तेव्हा ते कोणाला अभद्र वाटत नाही. तिची पेटी घरात होती, सगळ्यांना दिसत होती. आपली पेटी सात समुद्रापलीकडे आहे आणि ती फक्त आपल्याच फोनवर दिसते. म्हणून आपण तिच्यापेक्षा थोडं जास्त सांगून ठेवायला हवं.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात हयातीत करायचं कुलमुखत्यारपत्र आणि वैद्यकीय इच्छापत्र यावर बोलू. तोपर्यंत तो कागद लिहा. काळजी घ्या, भेटू.